सेटिंग, वशिला आणि 200 पैकी 214

जानेवारी 2024 मध्ये तलाठी भरतीची गुणयादी लागली आणि एका उमेदवाराच्या नावापुढे 200 पैकी 214 गुण दिसले. अभ्यासिकांतल्या पोरांपासून विरोधी पक्षांच्या नेत्यांपर्यंत सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: घोटाळा. पैकीच्या पैकीपेक्षा चौदा जास्त, आणखी पुरावा तो काय हवा?

पण ते गुण गणिताने आलेले होते. दहा लाखांहून अधिक अर्ज आलेली ही परीक्षा ऑगस्ट आणि सप्टेंबर 2023 मध्ये संगणकावर, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत झाली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी. एकाच्या वाट्याला सोपी येते, दुसऱ्याच्या वाट्याला घाम फोडणारी. म्हणून मूळ गुण जसेच्या तसे न धरता सगळ्या सत्रांना एका पातळीवर आणतात. याला सामान्यीकरण म्हणतात. समजा, एका सत्राची सरासरी 90 आहे आणि दुसऱ्याची 110. पहिल्या सत्रात 195 मिळवणाऱ्याला सूत्र वर ढकलणार, आणि सूत्राला 200 ही मर्यादा ठाऊक नसते. सोप्या सत्रातल्या हुशार मुलाचे गुण याच सूत्राने खालीही येतात, पण त्याची बातमी होत नाही.

मग परीक्षा अगदी सोवळ्यात झाली का? तसेही नाही. याच परीक्षेच्या काळात नाशिकमध्ये केंद्राबाहेर टॅब, वॉकीटॉकी असले साहित्य बाळगणारा एक जण पकडला गेला. म्हणजे काळजीचे कारण खरेच होते; बोट मात्र भलतीकडे होते. 214 वर गदारोळ करण्यापेक्षा मूळ गुण आणि सामान्यीकृत गुण शेजारी शेजारी छापा, सूत्र सोप्या मराठीत उदाहरणासह द्या, असा धोशा लावायला हवा होता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या बाबतीत आपले नेहमी असेच होते. संशय भरपूर असतो, पण तो गैरजागी खर्च होतो.

‘मुलाखतीतच सगळं ठरतं’ हे असेच एक ठाम मत. केंद्र सरकारने गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. तिथे आता लेखी परीक्षा आणि गरजेप्रमाणे कौशल्य चाचणी असते.

वशिल्याला खरी जागा परीक्षा-मुलाखतीच्या कितीतरी आधी मिळते: जाहिरातीत. नमुना म्हणून एखाद्या प्रकल्पपदाची जाहिरात डोळ्यांसमोर आणा. अमुक विषयात पदव्युत्तर पदवी, त्यातही तमुक उपशाखा. याच जिल्ह्यातल्या अशाच प्रकल्पात तीन वर्षे काम. अमुक संगणकप्रणालीचा अनुभव. अर्जाची मुदत सात दिवस, त्यातले तीन सुट्टीचे. ही जाहिरात नसते, एका माणसाच्या मापाने शिवलेला सदरा असतो. पुढे लेखी परीक्षा, मुलाखत, गुणपत्रक सगळे बिनचूक होते, कारण अर्ज करू शकणारे मुळात दीडच लोक उरलेले असतात. निकालानंतर बोंबलण्यात अर्थ नसतो. लेखी हरकत घ्यायची तर जाहिरात आल्या आल्या.

भरती सुरू झाल्यावर निकष बदलणे ही दुसरी क्लृप्ती. राजस्थान उच्च न्यायालयातल्या अनुवादकांच्या 13 पदांसाठी परीक्षा झाली, आणि त्यानंतर किमान 75 टक्क्यांची अट घातली गेली. परीक्षेला बसलेल्या 21 पैकी फक्त तिघे तिच्यात बसले. 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की नियमांत किंवा जाहिरातीत तशी सोय नसेल, तर निवडीचे निकष अधेमधे बदलता येत नाहीत.

‘आमची संस्था स्वायत्त आहे, सरकारी नियम आम्हाला लागू नाहीत’ हे वाक्य संचालकांच्या तोंडी फार असते. सोसायटी म्हणून नोंदणी केली की जबाबदारीतून सुटका झाली, असा त्यामागचा समज. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाबाबतच्या 1980 च्या अजय हासिया निकालाने तो मोडीत काढला. पैसा आणि नियंत्रण सरकारचे असेल, तर नोंदणी कुठल्याही कायद्याखाली असो, समानतेचे बंधन त्या संस्थेवर येते. प्रकरण प्रवेशाचे होते, पण तत्त्व नोकरभरतीलाही तितकेच लागू आहे. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा देण्यावरही त्या निकालात ताशेरे आहेत.

आता कंत्राटी कामगारांचा विषय. इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. ‘दहा वर्षं झाली, आता कायम करावंच लागेल’ हा एक. 2006 च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका सरसकट कायम करायला नकार दिला. मंजूर पदावर, पात्रता असूनही केवळ प्रक्रियेतल्या त्रुटीमुळे अडकलेल्या, दहा वर्षे काम केलेल्या लोकांसाठी एकदाच वाट मोकळी ठेवली. ‘उमादेवी आहे ना, मग हवं तितकी वर्षं कंत्राटावर राबवा’ हा दुसरा गैरसमज, तो प्रशासनाचा. डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही म्हणून सुनावले. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांचे ते प्रकरण होते. कायमस्वरूपी काम, तात्पुरती नेमणूक, या जोडीला न्यायालयाने शोषण म्हटले.

निवडयादीत नाव आले म्हणजे नोकरीवर हक्क आला, असेही नाही. 1991 च्या शंकरसन दास निकालापासून हे स्पष्ट आहे. मात्र जागा भरायच्या नसतील, तर त्याला प्रामाणिक कारण हवे.

कामाच्या जागेच्या वर्तनाकडे वळू, कारण भरतीवर तावातावाने बोलणारे आपण इथे गप्प असतो. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त कायम नोकरीतल्या बायकांसाठी आहे, असे अनेक कार्यालयांत मानतात. त्यात कंत्राटी, रोजंदारी, मानधनावरच्या, प्रशिक्षणार्थी, अगदी कामानिमित्त आलेल्या स्त्रियाही येतात. हा कायदा ज्या 1997 च्या विशाखा निकालातून उगवला, त्याच्या मुळाशी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली एक ‘साथीन’, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, होती. मानधनावर काम करत असताना बालविवाह अडवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल तिच्यावर अत्याचार झाला. ‘ती आमची कर्मचारीच नाही’ म्हणणाऱ्या साहेबांनी हे लक्षात ठेवावे.

‘आरोप सिद्ध झाला नाही तर बाईवरच कारवाई होते’ ही भीती तर मुद्दाम पसरवली जाते. कायदा सरळ आहे: केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, दुष्ट हेतू चौकशीतून सिद्ध व्हावा लागतो. तक्रारीची मुदत तीन महिने, आणि योग्य कारण असेल तर कार्यालयाची अंतर्गत तक्रार समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते.

समितीने भराभर चौकशी उरकली म्हणजे बाईला न्याय मिळाला, हाही भ्रमच. गोवा विद्यापीठात 2009 मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका प्राध्यापकाची चौकशी झाली. समितीने शेवटी इतकी घाई केली, पाठोपाठ इतक्या बैठका लावल्या, की बचावाला पुरेशी संधीच उरली नाही. त्याला बडतर्फ केले गेले, उच्च न्यायालयाने कारवाई उचलून धरली, आणि 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. तक्रारदार मुलींच्या बाजूने पाहा: चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीच्या टेबलावर. हेतू बरा होता, पण नैसर्गिक न्यायाची ओळख नसलेल्या समितीने त्यांचेच नुकसान केले. त्याच निकालात न्यायालयाने 30 पैकी 16 राष्ट्रीय क्रीडा महासंघांत समितीच नसल्याच्या बातमीची दखल घेतली, आणि मंत्रालये, विद्यापीठे, सार्वजनिक संस्था सगळीकडे पडताळणी करायचे आदेश दिले.

तपासायला वकील लागत नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा, मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त नको. पुढच्या वेळी पंचायत समितीत किंवा महाविद्यालयात दाखल्यासाठी ताटकळत उभे राहाल, तेव्हा तो कागद भिंतीवर आहे का आणि त्यावरच्या बाई अजून त्या कार्यालयात आहेत की निवृत्त झाल्या, एवढे विचारून बघा.