कॅमेरा घेताना आकडा कोणता पाहावा?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एका कॅमेऱ्याचे स्मारक आहे. थोर पुरुषांचे पुतळे आपण चौकाचौकांत पाहतो, परंतु यंत्राचे स्मारक क्वचितच आढळते. हे स्मारक कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेले आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. चित्रण करणारा कॅमेरा आपणच का तयार करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले आणि त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पडद्यावर झळकला.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याला कॅमेरा तयार करायचा असतो त्याला त्याचा प्रत्येक भाग कशासाठी असतो हे जाणून घ्यावेच लागते. तुम्हाआम्हाला तो केवळ विकत घ्यायचा असतो. मग आपण काय करतो? खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहतो आणि पैसे मोजून मोकळे होतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००९ साली आमच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन होते. त्यासाठी मी खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा घेतला. दुकानात दोन कॅमेरे समोर होते. एकावर १० मेगापिक्सेल आणि दुसऱ्यावर १२ मेगापिक्सेल असे लिहिलेले होते. किंमत जवळजवळ सारखीच होती. मी अर्थातच १२ चा उचलला. संध्याकाळी माजघरात निरांजने लावून आजीला ओवाळले. मी भराभर छायाचित्रे काढली. संगणकावर पाहतो तो ज्योती तेवढ्या स्वच्छ आलेल्या, आणि आजीच्या चेहऱ्यावर तांबडे-निळे ठिपके पसरलेले! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाची ही स्थिती. आजी आता नाही, आणि तो प्रसंग काही पुन्हा येणार नाही. तेव्हा माझे चुकले कोठे, हे आज आपण नीट पाहू.

मेगापिक्सेल म्हणजे काय?

कॅमेऱ्याचे मुख्य भाग दोन. पुढे भिंग आणि मागे संवेदक. भिंग समोरच्या दृश्याची लहानशी उलटी प्रतिमा संवेदकावर पाडते. जुन्या कॅमेऱ्यात या जागी फिल्म असे. संवेदक ही सिलिकॉनची एक चकती असते व तिच्यावर फरशीसारख्या लक्षावधी बारीक चौकटी असतात. या चौकटी म्हणजेच पिक्सेल. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, चौकटीवर पडले की तेथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. किती इलेक्ट्रॉन साठले ते मोजले की त्या ठिकाणी किती उजेड होता हे कळते. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने कोडॅक कंपनीत जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत!

आता आपल्याला पिक्सेल लागतात तरी किती? नेहमीचे ६ इंच बाय ४ इंचांचे छायाचित्र घ्या. उत्तम छपाईला दर इंचास ३०० ठिपके पुरतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, अर्थात सुमारे २२ लाख पिक्सेल. वहीच्या मोठ्या पानाएवढे, म्हणजे ए-४ आकाराचे चित्र छापायचे तरी ९ मेगापिक्सेल पुरे होतात. शिवाय १० च्या जागी १२ मेगापिक्सेल घेतले म्हणून चित्र वीस टक्के बारकाईचे होत नाही. पिक्सेल लांबी आणि रुंदी या दोहोंत वाटले जातात. १२ भागिले १० याचे वर्गमूळ काढा. ते १.१ च्या आसपास येते. म्हणजे बारकावा जेमतेम दहा टक्के वाढला. मी ज्या आकड्याला भुललो त्याची किंमत एवढीच होती.

तिळाचा प्रयोग

मग ते ठिपके कोठून आले? हे समजण्यासाठी एक प्रयोग घरीच करा. मोठ्या कागदावर ६४ सारखे चौरस आखा. थोडे तीळ घेऊन ते वरून शक्य तितके सारखे भुरभुरा. मग प्रत्येक चौरसातले तीळ मोजा. सरासरी ९ तीळ पडले असतील, तरी सगळीकडे ९ आढळणार नाहीत. कोठे ६, कोठे १२, कोठे ८ असे ते असतील. सरासरीपासून साधारण ३ चा फरक, म्हणजे ३३ टक्के. आता चार-चार चौरसांचा एक मोठा चौरस करा. सरासरी ३६ होईल, आणि फरक साधारण ६ चा, म्हणजे १७ टक्के. तीळ चौपट झाले आणि टक्केवारीतील फरक निम्मा झाला. अशा आपोआप होणाऱ्या विखुरणीत फरक हा संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो.

फोटॉनही तिळांसारखेच पडतात. पांढऱ्या भिंतीवर सगळीकडे सारखा उजेड असला तरी शेजारशेजारच्या पिक्सेलांत थोडे कमीजास्त फोटॉन येतात. दिवसा उन्हात प्रत्येक पिक्सेलात हजारो फोटॉन साठतात, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दहा हजारांवर शंभराचा फरक म्हणजे केवळ एक टक्का. परंतु निरांजनाच्या उजेडात एका पिक्सेलाच्या वाट्याला शंभरच फोटॉन आले, तर फरक दहा टक्क्यांचा होतो. तोच आपल्याला ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. कॅमेऱ्यात आयएसओचा आकडा वाढवला की चित्र उजळ होते खरे, पण फोटॉन वाढत नाहीत. मोजलेली संख्या मोठी करून दाखवली जाते, आणि तिच्याबरोबर ठिपकेही मोठे होतात.

तेव्हा कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हा कॅमेरा प्रकाश किती गोळा करतो?

प्रकाश कसा मोजावा?

याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट संवेदकाचा आकार. खिशातल्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा संवेदक असतो. हे इंच जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याच्या नळ्यांवरून आलेले आहेत, प्रत्यक्ष मापाशी त्यांचा मेळ बसत नाही. या संवेदकाचे खरे माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखाहूनही लहान! काही कॅमेऱ्यांत 'एक इंची' संवेदक असतो. त्याचे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर. पहिल्याच्या चौपटीहून थोडे अधिक. पावसात वाटीपेक्षा परातीत पाणी जास्त साठावे तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट भिंगाचे छिद्र. भिंगाच्या कडेवर १:३.२–६.४ असे काहीसे कोरलेले असते. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. पहिला आकडा झूम न करतानाचा आणि दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे आकड्याच्या वर्गावर अवलंबून असतो. ३.२ चे ६.४ झाले की संवेदकावरचा उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. छिद्राचा आकडा सारखा असेल, तर मोठ्या संवेदकाचा कॅमेरा त्याच दृश्यातून त्याच प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो.

माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान होता आणि मी लांब उभा राहून झूम केले होते. दोन्हीकडून प्रकाश तोडला. वर तोच तुटपुंजा प्रकाश १२० लाख पिक्सेलांत वाटला. मग आणखी काय होणार?

पिक्सेल वाढवण्याला निसर्गानेही एक मर्यादा घातलेली आहे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यासारख्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. तिचा व्यास २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले छिद्राचा आकडा. हिरव्या प्रकाशासाठी तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. छिद्राचा आकडा ६.४ असता चकती सुमारे ८.६ मायक्रॉनची येते. आता लहान संवेदकावर २० मेगापिक्सेल बसवले, तर प्रत्येक पिक्सेलाची बाजू १.२ मायक्रॉन उरते. म्हणजे एका बिंदूची प्रतिमा सात पिक्सेल रुंद पसरणार! जाड टाकाने आलेखाच्या कागदावर लिहिण्यासारखेच झाले. चौकटी कितीही बारीक केल्या तरी अक्षर बारीक होत नाही.

मोबाइल फोन करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ५० मेगापिक्सेल लिहिलेले बहुतेक फोन नेहमीचे चित्र काढताना चार-चार पिक्सेलांची बेरीज करून साडेबारा मेगापिक्सेलांचेच चित्र देतात. आपण तिळांचे चार चौरस एकत्र केले, तेच हे.

मग कॅमेरा घ्यावा की नाही?

जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली ही संख्या एक कोटीच्याही खाली आली. कारण उघड आहे. फोनच कॅमेरा झाला. आज अनेक फोनांतला मुख्य संवेदक खिशातल्या स्वस्त कॅमेऱ्याएवढा किंवा त्याहून मोठा असतो. तेव्हा घरात बरा फोन असेल, तर लहान संवेदकाचा कॅमेरा केवळ घरगुती छायाचित्रांसाठी घेण्यात अर्थ नाही.

मग कोणासाठी घ्यावा? रंकाळ्याच्या पाण्यातले पक्षी टिपायचे असतील, पन्हाळ्यावरून जोतिबाचा डोंगर जवळ आणायचा असेल, तर झूम लागते. येथे भिंगे पुढेमागे सरकून होणारे प्रकाशीय झूमच पाहा. 'डिजिटल झूम' म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा करणे होय. चौपट डिजिटल झूम केले, की १६ मेगापिक्सेलांतला एकच मेगापिक्सेल उरतो. उलट खासबागेत संध्याकाळची कुस्ती टिपायची असेल, तर मल्ल हलण्यापूर्वीच चित्र उमटायला हवे. त्यासाठी मोठे छिद्र आणि मोठा संवेदक हवा. हात हलल्यामुळे येणारा अस्पष्टपणा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची योजना दूर करते, पण मल्लाला ती थांबवू शकत नाही!

बाजारात आज नवे कॅमेरे आहेत, लोकांनी वापरून विकलेले जुने आहेत, आणि अनोळखी नावाचे स्वस्तही आहेत. या शेवटच्या प्रकारात प्रत्यक्षात नसलेले पिक्सेल मधल्या जागा हिशेबाने भरून दाखवतात आणि खोक्यावर भलामोठा आकडा छापतात. म्हणून दुकानात जाताना पुढील गोष्टी लिहून न्या.

१. संवेदकाचे माप मिलिमीटरमध्ये किती? लांबी-रुंदीचा गुणाकार स्वतः करा.

२. भिंगावरचे दोन्ही आकडे किती? विशेषतः दुसरा.

३. प्रकाशीय झूम किती पट? डिजिटल झूमचा आकडा विसरून जा.

४. आपले मेमरी कार्ड बरोबर न्या. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, झूम करून आणि न करता, अशी दोन-दोन चित्रे काढा व घरी मोठ्या पडद्यावर पाहा. पैसे त्यानंतर द्या.

५. कॅमेरा जुना असेल, तर त्याची बॅटरी व कार्ड आज मिळते का ते विचारा, आणि भिंग उजेडासमोर तिरपे धरून पाहा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती आढळली, तर कॅमेरा कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आपला कॅमेरा पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी कॅमेरा घेणाऱ्या शिक्षकांनीही ही यादी विद्यार्थ्यांच्याच हाती द्यावी. वर्गमूळ आणि क्षेत्रफळ यांचा उपयोग दुकानाच्या फळीवर होतो, हे त्यांना तेथे दिसेल.

आजीच्या ओवाळणीच्या चित्रांतील एक मी अजून जपून ठेवले आहे. त्यात चेहरा नीट दिसत नाही. प्रकाशकणांच्या विखुरणीचा धडा आला, की ते वर्गात दाखवतो आणि विचारतो, येथे किती फोटॉन कमी पडले असतील? मुले हिशेब करतात. तेवढे गणित त्या दिवशी दुकानात मी केले असते, तर आज आजीचा चेहरा स्वच्छ पाहायला मिळाला असता.