हौशी विमानांस सरकारी क्रमांक

सन २०१५ च्या जानेवारीच्या २६ तारखेस अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा हे आपल्या प्रजासत्ताकदिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लींत होते, हें अनेक श्रोत्यांस स्मरत असेल. त्याच तारखेस तिकडे वॉशिंग्टन शहरांत पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्या निवासस्थानाच्या, म्हणजे ‘व्हाइट हाउस’च्या, आवारांत चार पंख्यांचें एक लहानसें यंत्र येऊन आदळलें. यंत्र पहारेकऱ्यांच्या हातीं आलें. पण अशा यंत्रांच्या मालकांची नोंद ठेवणारें दप्तरच त्या वेळीं सरकारजवळ नव्हतें. सकाळीं मालकानें आपण होऊनच ही गोष्ट कळविली. तो एक सरकारी नोकर असून, हौसेखातर यंत्र उडवीत असतां त्याचा ताबा सुटला होता. तो पुढें आला म्हणून उलगडा झाला. न येता तर कोणास विचारावयाचें? हौशी ड्रोन आणि विमानांच्या प्रतिकृति यांच्या नोंदणीचा सारा प्रश्न या एका प्रसंगांत सांठविलेला आहे.

विमानांच्या प्रतिकृति करून त्या उडविण्याचा छंद अमेरिकेंत फार जुना आहे. या छंदिष्टांची ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ही संस्था १९३६ सालीं स्थापन झाली. हलकें लांकूड कापावें, पंखांवर कागद अगर रेशीम ताणून बसवावें, महिनोन् महिने खपून विमान सिद्ध करावें आणि रविवारीं मोकळ्या मैदानावर चार जाणत्यांच्या देखत तें उडवावें, अशी ही रीत होती. विमानावर आपलें नांव किंवा सभासद-क्रमांक घालण्याचा दंडकहि संस्थेनेंच घातलेला होता. सरकारनें १९८१ सालीं एक सूचनापत्रक काढलें, त्यांत ४०० फुटांपेक्षां उंच जाऊं नये, विमानतळाजवळ उडवूं नये, असा उपदेश होता, सक्ती नव्हती. विमान बनविण्यास लागणारे कष्ट आणि मैदानावरील वडीलधाऱ्यांची नजर, हींच खरीं बंधनें होतीं.

चार पंख्यांच्या यंत्रानें ही स्थिति पालटली. तें दुकानांतून विकत आणावयाचें. शिकण्यास घटकाभर पुरे. तोल सांभाळण्याचें काम त्यांतील उपकरणेंच करतात, आणि उपग्रहांच्या संकेतांवरून तें आपली जागा ओळखतें. ना गुरु, ना मैदान, ना संस्था. असें यंत्र नजरेच्या टप्प्यापलीकडे, प्रवासी विमानांच्या मार्गांतहि सहज जाऊं शकतें.

तेव्हां अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक खात्यानें २१ डिसेंबर २०१५ पासून, म्हणजे नाताळच्या ऐन तोंडावर, नोंदणी सक्तीची केली. शुल्क ५ डॉलर, मुदत तीन वर्षें. एका मालकास एकच क्रमांक मिळे आणि तो त्यानें आपल्या सर्व विमानांवर घालावयाचा. वयाची अट १३ वर्षांची. त्याहून लहान मुलाच्या वतीनें वडील माणसानें नोंद करावयाची. वजनाची मर्यादा खालीं २५० ग्रॅम आणि वर ५५ पौंड अशी ठरली.

ही पाव किलोची मर्यादा कोठून आली, हें जाणण्यासारखें आहे. यंत्र बिघडून खालीं पडूं लागलें म्हणजे हवेच्या विरोधामुळें त्याचा वेग एका मर्यादेपुढें वाढत नाहीं. खात्यानें नेमलेल्या मंडळानें २५० ग्रॅमच्या यंत्रासाठीं ही मर्यादा सेकंदास सुमारें २५ मीटर धरली. वस्तुमानाच्या निमपटीस वेगाच्या वर्गानें गुणलें असतां गतिज ऊर्जा मिळते. येथें ती ८० ज्यूलच्या आसपास येते. एवढा आघात माणसाच्या मस्तकावर झाल्यास मृत्यूचा संभव शेंकडा ३० मानला जातो. त्याखालचें तें खेळणें आणि त्यावरचें तें विमान, अशी ही रेषा आहे. ती सर्वस्वीं अचूक नसेल. पण कोठें तरी रेषा ओढणें प्राप्त होतें, आणि ती लहरीनें न ओढतां गणितानें ओढली, हें योग्यच झालें.

परंतु छंदिष्टांपैकीं एका गृहस्थास हें मान्य झालें नाहीं, आणि त्यानें न्यायालयाची पायरी चढली. त्याचा मुद्दा साधा होता. अमेरिकेच्या काँग्रेसनें, म्हणजे तेथील कायदेमंडळानें, २०१२ सालीं केलेल्या कायद्यांत असें कलम होतें कीं, हौशी प्रतिकृति-विमानांविषयीं या खात्यानें नवा नियम करूं नये. मग नोंदणीचा नियम कोणत्या अधिकारानें केला? सर्व विमानांनीं नोंद करावी असा जुना कायदा आहेच, त्याचीच ही अंमलबजावणी होय, असें खात्याचें उत्तर होतें. वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयानें १९ मे २०१७ रोजीं हें उत्तर अमान्य केलें. आजवर हौशी विमानांस जी सक्ती लागू नव्हती ती लागू करणें, हा नवाच नियम होय. सुरक्षिततेचा हेतु कितीहि स्तुत्य असला तरी कायद्याच्या स्पष्ट शब्दांपुढें त्याचा इलाज चालत नाहीं. कायदा गैरसोयीचा असेल तर तो कायदेमंडळानें बदलावा, असा निर्णयाचा आशय होता. ज्यांनीं मागितले त्यांना पांच डॉलर परत मिळाले, आणि त्यांच्या नोंदीहि काढून टाकण्याची सोय झाली.

ही रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व क्षुल्लक नव्हतें. आज चांगल्या हेतूसाठीं अधिकाराची मर्यादा ओलांडूं दिली, तर उद्यां वाईट हेतूसाठीं ती ओलांडणारास थांबविणार कोण? यापुढें कायदेमंडळानें आपलें काम केलें. १२ डिसेंबर २०१७ रोजीं संमत झालेल्या कायद्यानें नोंदणी पुन्हां चालू झाली. आणि ५ ऑक्टोबर २०१८ च्या कायद्यानें तें २०१२ चें कलमच रद्द करून हौशी उड्डाणाच्या अटी नीट घालून दिल्या. यंत्र नजरेच्या टप्प्यांत ठेवावें, माणसांच्या विमानास वाट द्यावी, सोपी लेखी परीक्षा द्यावी, नोंद करावी. नियम बहुतांशीं तोच राहिला. पण या खेपेस तो योग्य दारानें आला.

क्रमांक घालण्याची जागाहि पुढें बदलली. आरंभीं तो विद्युत्घटाच्या कप्प्यांत चालत असे. पण पडलेल्या यंत्राचा कप्पा उघडून पाहणाऱ्या शिपायास आंत स्फोटक असल्यास धोका, म्हणून फेब्रुवारी २०१९ पासून तो बाहेरच्या अंगास हवा असें ठरलें. तरीहि यंत्र खालीं पडल्याशिवाय क्रमांक वाचतां येत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं, उडत असतांनाच आपली ओळख, जागा आणि उंची बिनतारी संदेशानें कळविण्याची सक्ती आली. मार्च २०२४ पासून तिची कसोशीनें अंमलबजावणी सुरू झाली. जुन्या छंदिष्टांच्या मान्यताप्राप्त मैदानांवर मात्र या संदेशाची सूट ठेवली आहे.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ड्रोन-नियम जारी झाले. तेथेंहि सर्वांत हलका वर्ग २५० ग्रॅमपर्यंतचाच आहे. नोंदणीचें शुल्क १०० रुपये ठरलें. आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग पाडले. अमेरिकेंत छंदिष्टाचा क्रमांक मालकाचा असतो, आपल्याकडे तो यंत्राचा असतो, एवढा भेद.

शाळेंत मुलाच्या पुस्तकावर नांव घालण्याची चाल आहे. नांव घातल्यानें पुस्तक फाटावयाचें राहत नाहीं. पण तें कोणाचें, हें विचारतां येतें, आणि विचारलें जाईल हें ठाऊक असलेला मुलगा तें अधिक जपतो. नोंदणीचा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नव्हे. मात्र नांव घालावयास सांगणारानेंहि तो अधिकार आपणांस कोणी दिला, हें दाखविण्यास सदैव तयार असावें. उडविणारा आणि नियम करणारा, दोघेहि असे उत्तरदायी राहिले, तरच आकाश सर्वांना मोकळें राहील.