मीठ, सोने आणि विश्वास : सहारातील तांड्यांचा व्यापार

व्यापाराला भांडवल लागते, माल लागतो आणि बाजारपेठ लागते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु माल देणारा आणि पैसे देणारा यांच्यामध्ये दोन महिन्यांचे वाळवंट पसरलेले असेल तर? माल पोहोचला की वाटेतच बुडाला, हे कळायलाच महिनोन्‌महिने जात असतील, तर उधारी कोणाच्या भरवशावर द्यायची? आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दोन्ही काठांवरील व्यापाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्यांनी तो ज्या रीतीने सोडविला, त्याचा घाना, माली आणि सोंघाई या एकापाठोपाठ एक उदयास आलेल्या राज्यांच्या भरभराटीत मोठा वाटा आहे.

मिठाच्या बदल्यात सोने

सेनेगल व नायजर या नद्यांच्या वरच्या खोऱ्यात सोने सापडे, पण मीठ दुर्मिळ होते. वाळवंटाच्या पोटात तगाझा येथे मिठाच्या खाणी होत्या, पण तेथे एक झाडही उगवत नसे. उत्तरेकडील मुस्लिम राज्यांना दिनार पाडण्यासाठी सोने हवे होते. या तिन्ही गरजांना जोडणारा प्राणी म्हणजे उंट, आणि जोडणारे शहर म्हणजे आजच्या मोरोक्कोतील सिजिलमासा. हे शहर इसवी सनाच्या ८व्या शतकाच्या मध्यास वसले.

प्रसिद्ध प्रवासी इब्ने बतूता १३५२ साली याच शहरातून तांड्याबरोबर निघाला आणि २५ दिवसांनी तगाझाला पोहोचला. तेथील घरे व मशीदही मिठाच्या लाद्यांची, आणि छपरे उंटाच्या कातड्याची असल्याचे त्याने नमूद केले आहे. उंटाच्या एका ओझ्याइतके मीठ वलाता येथे ८ ते १० मिस्काल सोन्याला जाई. तेच मालीच्या राजधानीत २० ते ३०, तर कधी ४० मिस्कालपर्यंत चढे. (मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम.) हा नफा फुकटचा नव्हता. वलाता जवळ आले की तांड्यातर्फे एक वाटाड्या पुढे पाठविला जाई, आणि तेथील लोक चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे येत. या कामाची मजुरी १०० मिस्काल सोने होती. वाटाड्या वाळवंटात मेला तर बहुतेक तांडाही मरे.

बेचाळीस हजार दिनारांचा कागद

१०व्या शतकातील भूगोलकार इब्ने हौकल याने एका कर्जरोख्याची नोंद केली आहे. वाळवंटाच्या दक्षिण काठावरील औदागुस्त येथील एका व्यापाऱ्याकडून सिजिलमासाच्या व्यापाऱ्याला ४२,००० दिनार येणे असल्याचा तो दस्त होता. एवढी रक्कम उंटावर लादून न नेता कागदावर राहू शकत होती, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

हे शक्य कसे झाले? मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार ठेवावेत, अशी कुरआनची शिकवण आहे. दोन्ही काठांवरचे व्यापारी ती मानीत. त्यांची लिपी एक होती, वजनमापाची भाषा एक होती आणि तंटा झाला तर काझीही एकाच शरीअतनुसार निवाडा देई. वंश वेगळा आणि बोली वेगळी असली तरी करार एक, हे या व्यापाराचे खरे भांडवल होते.

राजा वेगळ्या धर्माचा, खजिनदार मुसलमान

घानाचा राजा मुसलमान नव्हता. तरीही कॉर्डोव्याच्या अल-बकरीने १०६८ साली लिहिल्याप्रमाणे त्याच्या राजधानीत मुसलमानांची वेगळी वस्ती होती व तेथे १२ मशिदी होत्या. राजाचा खजिनदार, दुभाषे आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. राज्यात येणाऱ्या मिठाच्या प्रत्येक गाढव-ओझ्यावर एक दिनार आणि बाहेर जाणाऱ्या ओझ्यावर दोन दिनार जकात होती. खाणीत सापडलेले सोन्याचे गोळे राजाचे आणि सोन्याचा कण-चुरा लोकांचा, असा नियम होता. सगळेच सोने बाजारात आले तर त्याचा भाव कोसळेल, हे त्या दरबाराला चांगले कळत होते.

भाव कोसळतो म्हणजे काय, हे जगाने १३२४ साली पाहिले. मालीचा सुलतान मन्सा मूसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने मुक्तहस्ते सोने वाटले. इतिहासकार अल-उमरी सांगतो की, पूर्वी २५ दिरहमांखाली न जाणारा मिस्काल २२ च्याही खाली आला व सुमारे १२ वर्षे सावरला नाही. कैरोच्या दुकानदारांनी या भोळ्या पाहुण्यांना एका दिनाराचेही मोल नसलेला कपडा पाच दिनारांना विकला. परतीच्या वाटेवर सुलतानाला पैसे कमी पडले, तेव्हा जबर नफा घेऊन कर्ज दिले. त्या हंगामात कैरोची पेटी भरली. पण तेथील व्यापाऱ्यांविषयी मालीच्या लोकांचे मत कायमचे वाईट झाले, असेही अल-उमरीच नोंदवितो.

परक्याची अमानत

याउलट मालीचा कारभार पाहा. तेथे वाटसरूला चोराचे भय नाही, आणि परदेशी व्यापारी मेला तर त्याची मालमत्ता सरकार जप्त करीत नाही. खरा वारस येईपर्यंत ती विश्वासू माणसाकडे अमानत राहते, अशी इब्ने बतूताची साक्ष आहे. दूरच्या मालदीव बेटांतील कवड्या येथे चलन म्हणून चालत, इतका हा बाजार जगाशी जोडलेला होता.

मात्र या चित्राची काळी बाजू झाकून चालणार नाही. तगाझाचे मीठ गुलाम खणीत, आणि १३५३ साली इब्ने बतूता ज्या तांड्याबरोबर परतला त्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. पुढे टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा यांनी १६१५ साली स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करणे बेकायदा असल्याचा निवाडा लिहिला. परंतु गुलामांचा व्यापार त्यानंतरही शतकानुशतके चालूच राहिला.

टिंबक्टूत १६व्या शतकाच्या आरंभी इतर कोणत्याही मालापेक्षा पुस्तकांच्या विक्रीत अधिक नफा होता, असे हसन अल-वज्जान याने लिहून ठेवले आहे. व्यापाराने मदरसे पोसले, आणि मदरशांनी व्यापाराला काझी व कारकून दिले.

या व्यवस्थेला दोन मोठे धक्के बसले. पोर्तुगिजांनी १४८२ साली किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधून सोन्याचा काही ओघ समुद्राकडे वळविला. १५९१ साली मोरोक्कोच्या सुलतानाने खाणींच्या लोभाने बंदूकधारी फौज पाठवून सोंघाईचा तोंडिबी येथे पराभव केला. अहमद बाबांसारखे उलेमा कैद करून नेण्यात आले. सुलतानाला थोडे सोने मिळाले; पण खाणी त्याच्या हाती लागल्या नाहीत आणि सोंघाईची घडी मात्र विस्कटली.

एका हंगामाचा नफा की पिढ्यान्‌पिढ्यांची पत, हा प्रश्न प्रत्येक पेढीपुढे केव्हा ना केव्हा येतोच. कैरोच्या दुकानदाराने एक उत्तर निवडले. परक्या मृताचे सोने वारसासाठी सांभाळणाऱ्या मालीच्या माणसाने दुसरे. यातील कोणाच्या दुकानी आपण उधारी ठेवू, हे वाचकांना सांगायला नको.