तांब्यावर कोरलेली तटबंदीची शहरे

जर्मनीतील कोलोन येथे १५७२ साली शहरांच्या नकाशांचा एक मोठा ग्रंथ निघू लागला. मजकूर गेओर्ग ब्राउन या धर्मोपदेशकाचा, आणि तांब्यावरचे कोरीवकाम बरेचसे फ्रान्स होगेनबर्ग याचे. १६१७ पर्यंत त्याचे सहा खंड झाले. शहरांची पाचशेच्या वर चित्रे त्यांत आली. पोर्तुगीजांची ठाणी म्हणून गोवा आणि दीवही त्यांत आहेत.

हे नकाशे छापीत कसे? तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कारागीर पोलादी कोरणीने रेघा खोदी. छाप उलटा उमटतो, म्हणून सारे चित्र, अक्षरेसुद्धा, उलटे कोरावे लागे. मग पत्र्याला शाई चोळायची आणि वरची पुसून घ्यायची. शाई राहते ती खाचांत. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून दाबून काढला, की बारीकसारीक रेघही कागदावर उठते. रंग मागाहून हाताने भरीत.

आता या नकाशांतली तटबंदी पाहा. जुने उंच, सरळ तट तोफांपुढे टिकेनात. म्हणून तट ठेंगणे पण जाड झाले आणि त्यांतून कोनदार बुरूज पुढे आले. शत्रू तटाशी भिडला, की दोन बाजूंच्या बुरुजांवरून त्याच्यावर मारा होई. व्हेनिसने १५९३ साली वसवलेले पाल्मानोव्हा तर नऊ टोकांच्या ताऱ्यासारखे आहे.

पण असा नकाशा शत्रूच्या हाती पडला तर? ही शंका ब्राउनलाही होती. चित्रांत पुढे माणसे उभी केली आहेत; तुर्कांच्या धर्माला माणसांची चित्रे चालत नाहीत, तेव्हा ते या ग्रंथाचा उपयोग करणार नाहीत, असे त्याने लिहिले. हा बचाव कितपत खरा, हे आपणच ठरवावे!

शिक्षकबंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तांब्याचा पत्रा पुष्कळ वर्षे चालतो. याच ग्रंथाचे पत्रे पुढे ॲमस्टरडॅमच्या यान्सोनियसकडे गेले आणि १६५७ च्या सुमारास त्यांवरून पुन्हा नकाशे निघाले. मधल्या काळात शहरे वाढली, नवे तट उठले. पत्र्यावरचे शहर मात्र पुष्कळदा जुनेच राहिले. तेव्हा असा नकाशा वर्गात दाखवताना मुलांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: हा छापला केव्हा, आणि यातले शहर पाहिले केव्हा? कागदावरचे साल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर तट, बुरूज आणि खंदक यांतच शोधावे लागते.