कर्करोगाचे जनुक : परके की घरचे?

प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी, तिच्या छातीवर वाढलेली गाठ आणि त्या गाठीचा अर्क गाळून घेणारा एक तरुण वैद्य, एवढ्या सामग्रीवर कर्करोगशास्त्रातील एका मोठ्या प्रकरणाचा आरंभ झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील पेटन राउस यांनी तो अर्क जीवाणूही अडून राहतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. जीवाणूहूनही लहान असे काही, म्हणजेच विषाणू, कर्करोग उत्पन्न करू शकतो, हा त्याचा अर्थ. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाकडे विद्वानांनी दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही. कोंबडीच्या दुखण्यावरून माणसाच्या दुखण्याचा निवाडा कसा करावा, असा आक्षेप होता. तो अगदीच गैरवाजवी होता असेही म्हणता येत नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, ८७ वर्षांचे असताना.

या उशिराची कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यापेक्षा मोलाचा प्रश्न मात्र तिच्या आड राहून जातो. विषाणूमुळे गाठ होते हे खरे मानले, तरी ती होते कशी? विषाणूच्या नुसत्या बुजबुजाटाने पेशी बिघडते, की विषाणूतील एखादे विशिष्ट जनुक तिला ‘वाढ, थांबू नकोस’ अशी आज्ञा देते? सूक्ष्मदर्शकातून कितीही निरखले तरी याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. ते मिळाले जनुकांतील उत्परिवर्तनांतून, म्हणजे आनुवंशिक मजकुरात पडलेल्या चुकांतून.

१९७० साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्टीव्हन मार्टिन यांनी राउस विषाणूचा एक विलक्षण उत्परिवर्ती प्रकार वेगळा काढला. त्याच्यातील दोष असा की, त्याचे एक प्रथिन थंडाव्यात नीट चाले आणि उष्णता वाढली की निकामी होई. कोंबडीच्या गर्भातील पेशींना या विषाणूची लागण करून त्या ३६ अंश सेल्सियसला ठेवल्या की त्या गोलसर होत, एकमेकींच्या अंगावर चढत, ढीग करून वाढत. कर्करोगी पेशींची सारी लक्षणे त्यांच्यात दिसत. त्याच पेशी ४१ अंशांवर ठेवल्या की त्या निमूटपणे एका थरात पसरत आणि शेजारणीचा स्पर्श होताच आवरत्या होत. (४१ अंश म्हटल्यावर माणसाच्या घरात धावपळ उडेल, कोंबडीच्या अंगाची ती नित्याची ऊब.) पुन्हा ३६ अंशांवर आणले की काही तासांतच पेशींचे रूप पालटे. आणि विषाणू? तो दोन्ही तापमानांत सारखाच वाढत होता.

या साध्या दिसणाऱ्या प्रयोगाने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या. विषाणूचे स्वतःचे जगणे आणि पेशीला कर्करोगी करणे ही दोन वेगळी कामे असून दुसरे काम विशिष्ट जनुकाकडे आहे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. आग लागण्यास एक ठिणगी पुरते. मागाहून ठिणगी विझली तरी आग पेटतच राहते. कर्करोगही तसाच असेल, असे मानण्यास जागा होती. परंतु येथे प्रकार लोहाराच्या भात्याचा निघाला. भाता चालू आहे तोवरच निखारा फुलतो. हात थांबला की तो मंदावतो. जनुकाची आज्ञा क्षणोक्षणी चालू राहावी लागते, आणि ती बंद पडली तर बिघडलेली पेशीही वळणावर येऊ शकते.

सार्कोमा या गाठीच्या नावावरून या जनुकास ‘सार्क’ म्हणू लागले. आता नवेच कोडे पुढे आले. विषाणूला जगण्यासाठी ज्याची गरज नाही, ते जनुक तो वागवतो कशाला? सॅन फ्रान्सिस्को येथे मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांचे सहकारी डॉमिनिक स्टेलाँ यांनी पुन्हा उत्परिवर्तनाचाच आधार घेतला. पीटर व्होग्ट यांच्याकडे सार्क जनुक गळून गेलेले विषाणू होते. अखंड विषाणूच्या मजकुरातून या खंडित विषाणूचा मजकूर वजा केला की बाकी उरतो तो सार्क. तो खूण म्हणून वापरून पाहिला, तेव्हा तेच जनुक निरोगी कोंबडीच्या पेशीत सापडले. लावा, बदक, एवढेच नव्हे तर एमू पक्ष्यातही सापडले. १९७६ साली हे प्रसिद्ध झाले आणि ‘परका शत्रू’ या कल्पनेचा पायाच खचला. जनुक मुळात पेशीचे. विषाणूने ते केव्हातरी उचलून नेले होते आणि बिघडवून परत आणले होते. बिशप व व्हार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळाले. कर्करोगाचे मूळ पेशीतील उत्परिवर्तनांत आहे, या मताचे राउस स्वतः कडवे विरोधक होते. १९७० सालीच त्यांचे निधन झाले. त्यांच्याच विषाणूने दिलेली ही साक्ष त्यांना ऐकावी लागली नाही.

बिघाड नेमका कोणता, तेही पुढे उलगडले. सार्कचे प्रथिन इतर प्रथिनांतील टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चिकटवते आणि त्यांना कामास लावते. निरोगी पेशीतील सार्कला एक शेपूट असते. ती आत वळून प्रथिनाला दाबून धरते, आणि वाढीचा संदेश आला तरच सैल सुटते. विषाणूतील सार्कची ही शेपूट, शेवटची १९ अमिनो आम्ले, तुटून गेली आहे. तिच्या जागी भलताच तुकडा आहे. थोडक्यात, गाडीचे यंत्र तेच, ब्रेक तेवढा निघालेला. याच्या उलट, फॉस्फेट उचलण्याच्या जागचे एकच लायसिन बदलले तर हे भयंकर प्रथिन निरुपद्रवी होते. आरंभीचे ग्लायसिन बदलले तर गंमत आणखी वेगळी: प्रथिनाची शक्ती शाबूत राहते, पण पेशीच्या आवरणाशी त्याला टेकता येत नाही आणि पेशी बिघडत नाही. बळ असून ठिकाण नाही, म्हणून सारे व्यर्थ!

कोंबडीचे हे शास्त्र माणसाच्या कामाचे काय, हा जुना आक्षेप १९८२ साली संपला. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातून मिळालेले ‘रास’ जनुक उंदरांच्या सार्कोमा विषाणूतून आधीच ठाऊक होते; निरोगी जनुकात आणि त्यात भेद होता तो एका अक्षराचा. बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते. येथे विषाणूचा संबंधच नव्हता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील पॅपिलोमासारखे काही विषाणू माणसात खरोखरच कर्करोग घडवतात. पण माणसाचे बहुतेक कर्करोग संसर्गजन्य नाहीत. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे काढणाऱ्या घरांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

अमेरिकन सरकारने १९६४ साली माणसाचे कर्करोग-विषाणू शोधण्याची मोठी योजना आखली. ती घोषित उद्दिष्टाच्या मानाने फसली. १९७४ साली झिंडर समितीने तिच्या कारभारावर कडक टीकाही केली. टीका रास्त होती. परंतु खर्चाचा ताळेबंद केवळ उद्दिष्टाशी ताडून मांडणाऱ्यांना त्याच काळात विषाणूंच्या अभ्यासातून हाती आलेली जनुके कोणत्या रकान्यात घालावीत, हे कधी उमगलेले नाही. उंदरांच्या एबलसन विषाणूतील ‘एबल’ जनुक असेच हाती आले. पुढे माणसाच्या एका रक्तकर्करोगात, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तेच जनुक मोकाट सुटलेले आढळले. त्याच्या प्रथिनाला अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि ज्या रोगात पूर्वी काही वर्षांचीच मुदत मिळे, त्याचे रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे जगू लागले. गोळी रोज घ्यावी लागते, कारण भाता चालूच असतो.

त्याच २००१ साली काही रुग्णांत औषध लागू पडेनासे झाल्याचे दिसले. तपासाअंती एबलच्या ३१५ व्या स्थानी थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आलेले आढळले; त्या एका बदलाने औषधाची जागाच बुजली होती. या बदलावरही चालेल असे पोनॅटिनिब औषध यायला २०१२ साल उजाडले.