खोडदच्या तबकड्यांनी टिपला ताऱ्यावरचा स्फोट. ‘नोव्हा’ म्हणजे नेमकं काय?

नारायणगाव : जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात शेतांच्या मधोमध जाळीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. याच दुर्बिणीने २००६ मध्ये हजारो प्रकाशवर्षं दूरच्या एका स्फोटाची अशी माहिती दिली, जी डोळ्यांनी मिळाली नसती.

तारा मरत नाही

भुजंगधारी तारकासमूहात ‘आरएस ओफियुची’ ही ताऱ्यांची जोडी आहे. एक फुगलेला तांबडा तारा, दुसरा आकाराने लहान पण वजनाने भारी असा श्वेतबटू. श्वेतबटू जोडीदाराचा वायू ओढून घेतो. थरावर थर साचतात, उष्णता वाढत जाते आणि एक दिवस हायड्रोजन बॉम्बसारखा भडका उडतो. हाच नोव्हा. साचलेला थर उडून जातो, तारा मात्र शाबूत राहतो आणि वायू पुन्हा साचू लागतो. त्यामुळे इथे १९८५, २००६ आणि २०२१ असे वारंवार स्फोट झाले.

रेडिओ लहरी काय सांगतात?

स्फोट झाला, हे प्रकाशावरून कळतं. उडालेला वायू पुढे कशावर आदळला, हे रेडिओ लहरींवरून कळतं. तांबड्या ताऱ्यातून वायूचा वारा सतत वाहत असतो. स्फोटातला वायू प्रचंड वेगाने त्यावर धडकतो, तेव्हा रेडिओ लहरी निघतात. पण बाहेरचा वायू त्या शोषून घेतो, त्यातही कमी फ्रिक्वेन्सीच्या जास्त. दाट धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, धुकं विरळ झालं की दिसतात, तसंच हे.

२००६ मध्ये जीएमआरटीला ६१० मेगाहर्ट्झवर २० व्या दिवशी, तर ३२५ मेगाहर्ट्झवर ३८ व्या दिवशी लहरी मिळाल्या. जीएमआरटी नव्हती तेव्हा, १९८५ च्या स्फोटानंतर, जवळपास याच कमी फ्रिक्वेन्सीवर ६६ व्या दिवशीही काही सापडलं नव्हतं. यावरून शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला : २००६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या वायूची दाटी १९८५ च्या फक्त ३० टक्क्यांच्या आसपास होती.

मोबाईलची अडचण का?

इतक्या दुरून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असतात. मोबाईल, टॉवर किंवा विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या लहरी त्यांच्यापुढे कितीतरी जोरकस. त्या गोंगाटात ताऱ्याचा संदेश हरवून जातो. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत जीएमआरटीचा मुद्दा आला, तो याच कारणाने.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जायला चांगली संधी आहे. तबकड्यांजवळ गेल्यावर मोबाईल मात्र बंद ठेवायचा.