एकोणसाठ मिलिव्होल्टचा बडिवार
चक्रीय व्होल्टॅमेट्रीच्या आलेखातील दोन शिखरांमधले अंतर 59 मिलिव्होल्टहून अधिक भरले, की अभिक्रिया ‘व्युत्क्रमी नाही’, म्हणजे उलट दिशेने जाऊ शकत नाही, असा निकाल देऊन मोकळे होण्याची रीत प्रबंधांपासून तोंडी परीक्षांपर्यंत इतकी रुळली आहे, की हा आकडा मुळात काय मोजतो हे विचारण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

या पद्धतीत इलेक्ट्रोडचे विभव ठरावीक वेगाने एका टोकाला नेऊन परत आणतात व त्या काळात वाहणारी विद्युत्‌धारा नोंदवतात. जाताना संयुग इलेक्ट्रॉन गमावते, परतताना तो पुन्हा मिळवते आणि दोन्ही वाटांवर धारेचे एकेक शिखर उमटते. निकल्सन आणि शेन यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार, एका इलेक्ट्रॉनची देवघेव पुरेशी जलद असल्यास 25 अंश सेल्सिअसला या शिखरांत सुमारे 57 मिलिव्होल्टचे अंतर पडते. परतीचे वळण कोठे घेतले यावर ते किंचित बदलते आणि तापमानाबरोबर वाढते. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत, 35 अंशांना, तेच अंतर 59 भरेल, म्हणून त्या दिवशी रसायनशास्त्र बदलले असे कोणी म्हणत नाही.

खरी गफलत पुढे होते. फेरोसीन या नारिंगी संयुगात लोहाचा अणू दोन पंचकोनी कार्बनी कड्यांच्या मध्ये बसलेला असतो. ते एक इलेक्ट्रॉन देऊन निळसर फेरोसिनियम बनते, आणि ही देवघेव इतकी जलद व बिनतक्रार होते, की कार्बनी-धातू संयुगांच्या अभ्यासात तीच मापाची काठी ठरली आहे. तरीही डायक्लोरोमिथेनमध्ये फेरोसीनचे अंतर 90 मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही अधिक सर्रास येते. दोष फेरोसीनचा नसून द्रावणाच्या रोधाचा असतो: धारा 20 मायक्रोअँपिअर आणि भरपाई न झालेला रोध 1000 ओहम असेल, तर जाण्याच्या वाटेवरच 20 मिलिव्होल्ट द्रावणात खर्ची पडतात, परतीच्या वाटेवर त्यात भर पडते आणि शिखरे दोन्हीकडे ढकलली जातात. ज्या फूटपट्टीवर खुद्द फेरोसीन नापास होते, त्या फूटपट्टीने नव्या संयुगाला नापास करणे हा निव्वळ आळस होय, कारण त्याच द्रावणात शेवटी चिमूटभर फेरोसीन टाकून दोघांची अंतरे शेजारी ठेवली, की शंका तेथेच फिटते. विभवाचा वेग वाढवल्यावर अंतर वाढले, म्हणून देवघेव मंद आहे, हा युक्तिवादही अपुरा, कारण वेगाबरोबर धारा वाढते आणि धारेबरोबर रोधाचा परिणामही वाढतो. संहती निम्मी केल्यावर अंतर घटले, तर मात्र बोट रोधाकडेच दाखवावे लागते.

शिवाय देवघेव मंद असणे आणि तयार झालेले रूप नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा अंदाज परतीच्या शिखराची उंची जाण्याच्या शिखराशी ताडून, योग्य पायारेषा धरून घ्यावा लागतो. नुसते अंतर तिच्याविषयी फारसे सांगत नाही. व्युत्क्रमी असणे हा गुण एकट्या संयुगाचा असतो असेही नाही. नेहमीच्या विद्युत्-अपघट्यांत रुथेनोसीनचे, म्हणजे लोहाच्या जागी रुथेनियम असलेल्या फेरोसीनच्या भावंडाचे, ऑक्सिडीभवन अव्युत्क्रमी दिसते. परंतु 1991 मध्ये हिल, लमाना आणि मान यांनी धातूला सहसा न चिकटणारा अवजड बोरेट ऋणायन असलेले विद्युत्-अपघट्य वापरले, तेव्हा तेच ऑक्सिडीभवन एका इलेक्ट्रॉनचे आणि व्युत्क्रमी निघाले.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत. शिखरानंतर धारा घसरते ती संयुग संपल्यामुळे नव्हे, तर इलेक्ट्रोडलगतचा पातळ थर रिता झाल्यामुळे. 5 मिलिलिटर द्रावणातला जेमतेम पाच-हजारावा भाग एका फेरीत खर्च होतो. द्रावण ढवळल्याने आलेख सुधारत नाही, बिघडतो, कारण शिखराचा आकार केवळ विसरणावर उभा असतो. चांदीची उघडी तार हा संदर्भ-इलेक्ट्रोड नव्हे. तिचे विभव सरकत राहते, आणि म्हणूनच अजलीय द्रावणांतील विभवे फेरोसीनच्या सापेक्ष द्यावीत, अशी शिफारस आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1984 मध्ये करून ठेवली आहे.